तीन भोकांची घागर

मशीननं दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. सकाळी काढलेल्या तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या रक्तात औषधाचा मागमूस नव्हता.

सुलेखाचं डोकंच बधिर झालं. उभी उमेद घातली होती तिनं या एका रेणूपायी! अल्झायमर काय एका वाटेनं येतो? आठवणींचं रसायन आटतं, मेंदूत चिकट गाठी साचतात, वरून सूज. आजवरची औषधं म्हणजे तीन भोकांच्या घागरीचं एक भोक बुजवायचं नि पाणी का गळतं म्हणून कपाळाला हात लावायचा. तिला तिन्ही भोकं एकाच रेणूनं बुजवायची होती. उंदरांत ते साधलंही होतं. पण माणसांवरच्या चाचणीला परवानगी मिळेस्तोवर अण्णा थांबणार होते थोडेच?

मग तिनं करू नये ते केलं. प्रयोगशाळेतून चोरून कॅप्सूल आणल्या आणि बजाजनगरच्या घरी आईच्या हातात ठेवल्या. कळलं असतं तर नोकरी गेली असती. जाऊ दे! अण्णांनी एकदा फक्त 'सुले' म्हणून हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं.

आई, म्हणजे चतुराबाई, तशी धांदरट. कधी मोरीत घसरायची, कधी दारावर आपटायची. सुलेखाला लहानपणीच हट्टानं हॉस्टेलात धाडलं तेही तिनंच. अण्णा मात्र कंपनी सुटली की दौलताबादची सीताफळं घेऊन भेटायला यायचे. आता त्याच अण्णांना आई घास भरवायची. नवऱ्याच्या आजारपणात बाई सावध झाली होती, हल्ली पडत नव्हती.

संध्याकाळी सुलेखा घरी आली. अण्णा दाराबाहेरच्या ओट्यावर बसले होते.

"अण्णा, मी कोण?"

"बसा मॅडम," त्यांनी हात जोडले.

तिला भडभडून आलं. स्वयंपाकघरात फतकल मारून ती हमसून हमसून रडली.

"संपलं, आई. औषध रक्तात उतरतच नाही. उद्या सरांना सांगते, हा रेणू सोडून द्या."

"म्हंजी कुनालाच मिळायचं नाय?"

"नाही."

तेवढ्यात अण्णा दारात आले. चतुराबाईला म्हणाले, "बाई, तुम्ही जेवलात का?"

"जेवते हं. बसा तुम्ही." तिनं त्यांना हाताला धरून पुन्हा ओट्यावर बसवलं. परत आली, गॅस बंद केला आणि लेकीजवळ टेकली.

"सोडू नको, सुले. औषध चांगलं आसंल तुझं."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं!"

"मी दिलंच नाय त्यांना. येक बी नाय. रोज मोरीत टाकलं."

"अगं, का?"

चतुराबाईनं ओट्याकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"त्यांना समदं आठवलं, तर हात बी पुन्हा उठंल त्यांचा."