पाठीला माती

आण्णा टेनिस कोर्टाच्या कडंला बाकड्यावर बसलं हुतं खरं, पर तोंड सगळं चिंचंच्या झाडाकडं.

"आण्णा, मॅच हिकडं चाललीया," कृष्णात म्हणाला.

"ठावं हाय. चालू दे की."

कृष्णातला बापाचं हे नवं न्हवतं. आण्णा जुनं पैलवान, गडहिंग्लज भागात नाव काढल्यालं. पोरगं मातर टेनिसात शिरलं. आठ वर्सं टेनिसवरच पोट भरलं, दिल्ली, बंगळूर, जिथं मॅच तिथं गेलं. गुडघा कामातनं गेला तवा कोच झालं. एवढ्या सगळ्यात बाप बघाय आला तो एकदाच, त्र्याण्णव साली, ह्याच कोर्टावर. आन मॅच निम्म्यात टाकून उठून गेला. का गेला ते बारा वर्सांत त्यानं सांगितलं न्हाय, आन कृष्णातला इचारायचं धाडस झालं न्हाय. बापाला आपली लाज वाटली, असं त्यानं धरून ठेवलं हुतं. आजबी म्हातारा कोल्हापुरात आल्ता तो डोळं दाखवाय. एसटीला टाइम हुता म्हणून हितं टेकला.

समोर चौदा वर्सांखालच्या पोरींची मॅच. कृष्णातच्या हाताखाली शिकणारी संघप्रिया एक सेट घालवून बसल्याली. दुसऱ्यात चार-चार. इचलकरंजीच्या पोरीनं बॉल हिच्या डोक्यावरनं टाकला. ही मागं मागं पळाली, पाय घसरला, आन उताणी आदळली. तांबडी माती उडाली.

"आरारारा," माणसं वराडली.

त्या आवाजानं आण्णांनी मान फिरवली. पोरगी मातीत उताणी. आण्णा उठलं, पायतान घातलं, पिशवी काखंत मारली.

"गेली बिच्चारी," म्हणालं. "मी निघतो. पोरीला काय बोलू नगंस. घरात कुणी इचारू नका म्हणावं तिच्या आईबाला."

"गेली? कुठं गेली?"

"पाठ टेकली की, चितपट झाली. दोनी खांदं मातीला लागलं, मी ह्या डोळ्यानं बघितलं." आण्णांनी पिशवी सावरली. "मी बघितलं म्हणूनच झालं आसंल. तुझ्या येळंलाबी असंच झाल्तं. त्यापायीच मी कवा येत न्हाय."

कृष्णात बापाच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला.

तिकडं संघप्रिया उठली. कोपराची माती झटकली. पंचानं काय तरी इचारलं, तिनं मान हलवली आन रेघंवर जाऊन हुबी ऱ्हायली.

"आता काय करतीया ती?" आण्णांनी इचारलं.

"खेळतीया."

"आजून?"

"एक पॉइंट गेला, आण्णा. टेनिसात पाठ टेकली तर लई तर एक पॉइंट जातोय. कवा कवा तेवढाबी जात न्हाय. उठायचं आन खेळायचं."

"धा येळा टेकली तर?"

"कापडं जास्त धुवाय लागत्यात. बास."

आण्णा पिशवीसकट परत खाली बसलं. मग म्हणालं, "म्हंजे तू त्या दिशी..."

"उठलो हुतो. तुमी गेल्यावर दीड तास खेळलो. जिंकलो."

"जिंकलास?"

"व्हय."

"मग घरात का सांगितलं न्हाईस?"

"कुणाला सांगू? आईनं ताट वाढलं आन आत गेली. तुमी गोठ्यात जाऊन बसलासा. कोण माझ्याकडं बघंना. मला वाटलं, तुमास्नी माझी लाज वाटली."

"लाज?" आण्णांचा आवाज पैलवानाचा, तो पार जाळीपलीकडं गेला. "लाज कशाची रं, येड्या. घरात सगळ्यास्नी मीच दम दिल्ता, पोराफुडं मॅचचं नाव काढायचं न्हाय म्हणून. माझी पाठ लागली तवा गावात जो भेटंल त्यो इचारायचा, आण्णा, कशी लागली वो? चार महिनं घासाला चव न्हवती. म्हटलं, तुझं तसं व्हायला नगं."

"पावणं, जरा दमानं," खुर्चीवरनं पंच म्हणाला. "हितं गप बसून बघायचं आसतंय."

आण्णांनी त्याच्याकडं बघून हात जोडलं.

कृष्णातला हसू आलं. दाबाय गेला तर जास्तच आलं. गुडघ्यावर दोनी हात टेकून त्यो हसत ऱ्हायला, आन हसता हसता त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळं पुसलं. कोर्टावरनं संघप्रिया बघाय लागली, सराला झालं तरी काय म्हणून. त्यानं हातानंच सांगितलं, तू खेळ.

तिनं त्यो गेम मारला. पाच-चार.

"हे चांगलं झालं न्हवं?" आण्णांनी आता हळू आवाजात इचारलं.

"लई चांगलं झालं."

आण्णांनी मान डोलवली. जरा येळानं कृष्णातकडं सरकलं.

"आन त्याच्या फुडं? ते दिल्ली, बंगळूर? तिथं काय काय झालं?"

"आठ वर्सांचं हाय, आण्णा. आज हुयाचं न्हाय."

"जेवढं हुईल तेवढं."

आण्णांनी पटका वर सारला. कुस्तीत मोडल्याला, भज्यागत झाल्याला कान उघडा केला आन पोराच्या तोंडाजवळ आणला.

"सांग," म्हणालं. "हरल्याल्या मॅचाबी सांग."