उष्टं

"पाळकसाहेब, आज त्या कुशाबाला प्याल्याला तोंड लावू देऊ नका," जयवंतराव म्हणाले आणि रुमाल तोंडावर धरून खोकले.

पाळकसाहेब झगा चढवत होते. "मेज प्रभूचं आहे, जयवंतराव. मी कुणाला उठवणार?"

"अहो, वास मारतो त्याला! हॉस्पिटलातला केर काढून थेट इथं येतो. दात किडलेले, ओठ फुटलेले. त्याच्या उष्ट्या प्याल्यातून माझ्या नलूनं प्यायचं? आज पहिलं प्रभुभोजन आहे तिचं!"

"बाप्तिस्मा त्याचाही झालाय."

"झाला असेल. पाण्यानं जात धुतली जाते, वास नाही."

पाळकसाहेब झग्याची बटणं लावू लागले.

जयवंतराव परळच्या या लहानशा चर्चचे पंच. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आणि कचेरीत हेडक्लार्क. चर्चमध्ये जात पाळत नाही, असं ते चारचौघांत सांगत. उष्टं मात्र त्यांना मुळीच खपत नसे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात अश्रुधूर घशात गेला, तेव्हापासून त्यांचा खोकला हटत नव्हता. कोट खांद्यावर लोंबू लागला होता. उकडतं म्हणून भर थंडीत ते गॅलरीत झोपत. बायको मागे लागली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "हॉस्पिटलात दाखवून आलो. काही नाही."

त्यात हा कुशाबा. गेले तीन महिने तो हात धुऊन त्यांच्या मागे लागला होता. जयवंतराव पहिल्या बाकावर बसले की हा शेजारी. ते दुसऱ्या बाकावर सरकले, हा तिथेही हजर. "सायेब, जरा ऐका—" म्हणत तोंड अगदी कानाशी आणायचा. विड्यांचा आणि फिनेलचा तो भपकारा! जयवंतराव नाक दाबून उठत. असं करत करत ते शेवटच्या बाकावर येऊन पोचले. पंच माणूस, आणि द्राक्षारसाचा तो सगळ्यांचा एकच प्याला मिळणार सगळ्यांच्या शेवटी. त्यांच्यानंतर फक्त कुशाबा. तो उरलंसुरलं घटाघटा पिऊन टाकायचा, थेंब ठेवायचा नाही. अधाशी मेला. ते पाहून जयवंतराव तोंड फिरवत.

आज मात्र ते नलूला घेऊन तासभर आधी आले आणि पहिल्या बाकावर बसले. नलूनं पांढरं पातळ नेसलं होतं. कुशाबा मागे दाराशी उभा होता. त्यांना बरं वाटलं.

पाळकसाहेबांचा उपदेश शेजाऱ्याकडे नीट डोळे उघडून पाहण्याबद्दल होता. जयवंतरावांनी दोनदा मान डोलावली.

मग पहिला बाक उठला. मेजापुढे जयवंतरावांनी गुडघे टेकले, त्यांच्या उजव्या हाताला नलू. प्याला आला. त्यांनी डोळे मिटले, घोट घेतला, प्याला परत दिला आणि डोळे उघडले.

बापलेकीच्या मध्ये कुशाबा गुडघे टेकून बसला होता.

कुणाला काही कळायच्या आत त्यानं पाळकसाहेबांच्या हातून प्याला ओढून घेतला आणि तोंडाला लावला. गळ्याची घाटी वरखाली होत राहिली. हनुवटीवरून लाल ओघळ शर्टावर आला. रिकामा प्याला त्यानं स्वतःच्या बाहीनं आतून पुसला. बाया तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. नलू हात पुढे करून तशीच राहिली, मग रडू लागली.

जयवंतरावांनी त्याला कॉलरला धरून फरफटत अंगणात आणलं आणि थोबाडीत दिली. मग आपला हात किळसेनं कोटाला पुसला.

"गटारातल्या किड्या! प्रभूचं रक्त म्हणजे ताडी वाटली तुला? पोरीच्या तोंडचं ओढून घेतलंस? आजपासून या दारात दिसलास तर पोलिसात देईन!"

ते धापा टाकत होते. खोकल्याची उबळ आली, रुमाल तोंडावर गेला.

कुशाबानं हनुवटी पुसली. तो दाराकडे पाहून हळूच म्हणाला, "वरडू नका सायेब, पोरगी ऐकंल. छातीचा फोटू काढतात त्या खोलीत मीच झाडू मारतो. तुमी फोटू काढून गेला ते परत आलाच न्हाई. किती येळा सांगाया आलो, तुमी नाक दाबून उठता. डाक्टर म्हनले, ह्या मानसाला हुडका, आन् तवर त्याच्या भांड्याला घरात कुनाचं तोंड लागू देऊ नका."