पांढरा उजेड

डार्लाने कात्री खाली ठेवली आणि गांजाच्या फुलांचे दोन ढीग शेजारी शेजारी लावून पाहिले. तिचा धाकटा भाऊ वेंडेल निकालाची वाट पाहत समोर उभा होता.

दूर उत्तरेकडच्या फेअरबँक्सच्या त्या अंधाऱ्या हिवाळ्यात दोघांनी पैज लावून बंद खोल्यांत गांजा पिकवला होता. तिने नव्या पांढऱ्या एलईडीखाली, त्याने जुन्या, सोडियमच्या पिवळ्या दिव्यांखाली, जिथे तो झोपायचाही. त्याची फुलं हरली, तर दिव्यांबरोबर त्यालाही घराबाहेर जावं लागणार होतं. घर तिचं, म्हणून निकालही तिचाच. आज तो प्रथमच आपली फुलं घेऊन तिच्या खोलीत आला होता.

“माझी कशी घट्ट, राळेनं माखलेली,” ती अखेर म्हणाली. “आणि हे? उशीतून उपसलेला कापूस!”

“दोष माझ्या जुन्या दिव्यांचा. आता एवढ्या थंडीत मी जाऊ कुठे?”

“दिव्यांना बोल लावू नकोस. महिनाभर नुसता लोळत होतास.”

“अगं, रंग तरी बघ! माझ्या दिव्यांखाली पिवळी वाटायची.” त्याने एक फूल तळहातावर घेऊन तिच्या दिव्याखाली धरलं. “बघ, कसं हिरवंगार आहे!”

फूल खरोखरच हिरवंगार होतं.



तळहात मात्र त्या शुभ्र उजेडातही पिवळाच राहिला होता, आणि त्याच्या डोळ्यांतला पांढरा भागही.

“आता का गप्प? हरलीस ना?” वेंडेलने हसत विचारलं, आणि डार्ला डॉक्टरांना फोन लावायला खोलीबाहेर धावली.