दहा सेकंद

"कॉम्प्युटरला काहीही झालेलं नाही," मेकॅनिक म्हणाला.

डॉक्टरांना हे उत्तर नको होतं. सहा वर्षांचा गेमिंग कॉम्प्युटर झाकण काढून टेबलावर ठेवला होता आणि शेजारी त्यांनी स्वतः लिहिलेली यादी होती: नवीन ग्राफिक्स कार्ड, नवीन स्क्रीन, नवीन माउस. डॉक्टर दातांचे. खाली दवाखाना, वर घर. दर रविवारी सकाळी दार लावून घेऊन ते चार मित्रांबरोबर बंदुकांचा गेम खेळत. लांबून नेम धरून टिपायचं काम त्यांच्याकडे असे, आणि दोन महिने त्यांचा एक नेम धड लागत नव्हता. मित्रांनी आधी चेष्टा केली. मग गेल्या रविवारी स्पष्टच सांगितलं, "मशीन बदल, नाहीतर आम्ही माणूस बदलतो."

"काहीतरी झालंच असणार," डॉक्टर म्हणाले. "नेम धरला की निशाण थरथरतं. जुनं झालंय ते, अडखळतंय."

"नाही अडखळत. सगळं तपासलं मी."

बायको दारात उभी होती. दवाखान्यात पेशंटना वेळा तीच देत असे, त्यामुळे नवऱ्याला बोलायचा हक्क आपला दुप्पट आहे असं ती मानी.

"नाचता येईना अंगण वाकडं!" ती म्हणाली. "भाऊ, यांचं वर्षभर हेच चाललंय. आधी म्हणे दवाखान्यातला दिवा नीट नाही. दिवा बदलला. मग म्हणे ड्रिल हातात बसत नाही. ड्रिल बदललं. आता हे. एक दिवस मला बदलतील."

मेकॅनिक हसला. डॉक्टरही हसले, पण जरा उशिरा.

यादीतलं सामान विकून मेकॅनिकला निघून जाता आलं असतं. पण तो इमानदार होता, आणि इमानदार माणूस मनात आणलं नाही तरी फार दुष्टपणा करू शकतो. "माउसमध्ये दोष असेल तर बघून टाकू," तो म्हणाला आणि त्याने एक छोटा प्रोग्राम उघडला. पांढऱ्या स्क्रीनवर मधोमध काळा ठिपका. "बाण ठिपक्यावर ठेवा आणि दहा सेकंद हलवू नका. खाली रेघ उमटत जाईल. बाण हलला नाही तर रेघ सरळ."

डॉक्टरांनी माउस धरला. रेघ उमटली ती करवतीच्या दात्यांसारखी.

"बघा!" डॉक्टरांचा चेहरा उजळला. "मी म्हणत नव्हतो? माउस!"

मेकॅनिकने पिशवीतून कोरा माउस काढून जोडला. पुन्हा करवत. मग त्याने जुनाच माउस परत लावला आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला. रेघ सरळ गेली.

"तुम्हाला रोजची सवय," डॉक्टर म्हणाले.

"बरोबर आहे. मग वहिनींना बसवू."

बायको हात पुसत येऊन बसली. "मला तर हे धरताही येत नाही हो." दहा सेकंद ती श्वास रोखून बसली. रेघ पट्टीने आखावी तशी आली.

"जमलं की मला!" तिने टाळी वाजवली. "तुमच्या मित्रांना सांगा, आता माझंच नाव घाला." आणि ती नवऱ्याकडे वळली.

डॉक्टर स्क्रीनकडे बघत नव्हते. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि डाव्या हाताने त्याचं मनगट गच्च धरलं होतं. तरी बोटं हलत होती.

तिचं हसू सावकाश उतरलं. दिवा नवीन होता, ड्रिल नवीन होतं, आणि पेशंट अजूनही याच हातासमोर डोळे मिटून तोंड उघडत होते. डॉक्टरांना भीती वाटली. आजाराची नंतर, आधी तिची. ती काय बोलते याची.

ती उठली. "भाऊ, यादीतलं सगळं बसवा."

"पण वहिनी, मशीनला खरंच..."

"मशीनच बिघडलंय," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "आम्ही बोलावलं, तुम्ही येऊन बदललंत. बाहेर कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. कळलं ना?"

"अगं, निदान उद्याची ती अक्कलदाढ तरी..." डॉक्टर म्हणाले.

"साडेनऊची वेळ दिलीये मी." तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "लेक दातांचं शिकून खाली त्या खुर्चीपाशी उभी राहीपर्यंत चार वर्षं आहेत. तेवढी ढकलायची."

मेकॅनिकला राहवलं नाही. "घ्या, हरकत नाही. पण नवीन स्क्रीनवर हे जास्तच दिसेल."

यादीची घडी करून त्याने खिशात घातली आणि तो हत्यारं पिशवीत भरू लागला. भरता भरता त्याची जीभ गालाच्या आतून डावीकडे गेली आणि खालच्या दाढेवर फिरू लागली. गेल्याच महिन्यात ती डॉक्टरांनी भरली होती. जीभ दाढेच्या कडेवरून गेली, परत आली, पुन्हा गेली.

डॉक्टरांना ते दिसलं. पंचवीस वर्षांची सवय. मनगट सोडून ते उठले आणि पुढे आले.

"खुपतंय का काही? बघू, आ करा."

मेकॅनिकने ओठ घट्ट मिटून घेतले आणि पिशवी छातीशी धरून नुसतीच मान हलवली.