त्यांचं स्टेशन

"गाडी मधेच सोडायची नाही हं, माझ्या स्टेशनात आणून उभी करायची!" आजारात वाचा जाण्याआधी नवऱ्याने तिला बजावलं होतं. कॉम्प्युटरवरच्या रेल्वेच्या खेळात त्यांनी हौसेने एक स्टेशन जोडलं होतं. गाडी पोचली की त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केलेली घोषणा व्हायची. अंथरुणावरून ते ती ऐकायचे. रोज गाडी तिथवर चालवत न्यायचा नेम तिने एक दिवसही चुकवला नव्हता.

काल भाच्याने खेळ अपडेट केला.

"मामी, जुने ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेले भाग, नव्यात चालत नाहीत गं. रूळ राहिलेत, स्टेशन गेलं. त्याची कॉपी कुठे जपून ठेवली होतीस का?"

"मी रोज कॉम्प्युटरवरची धूळ पुसायचे रे, एवढंच."

आज ते कान देऊन पडले होते.


पडद्यावर स्टेशनाच्या जागी उरलेल्या मोकळ्या माळावर तिने गाडी थांबवली, घसा खाकरला आणि त्यांच्याच तालात घोषणा सुरू केली.