वहिनीची दाद

जबडा पुढे असल्यामुळे आमची वहिनी तोंडावर हात धरूनच हसायची. दादाचा कुठलाही विनोद रंगात आला, की वहिनीचा हात तोंडावर जायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. "हिच्यासारखी दाद कुणी देत नाही," असं दादा चारचौघांत कॉलर ताठ करून सांगायचा.

ते हसू जगाला दिसावं म्हणून त्यानेच मागे लागून तिच्या जबड्याचं ऑपरेशन करवलं. डॉक्टरांनी पूर्ण तोंड उघडायला परवानगी दिली, त्याच संध्याकाळी सगळ्यांना घरी बोलावून त्याने ठेवणीतला किस्सा काढला. "आज हात खाली ठेवायचा हं!"

वहिनीने मुकाट्याने हात मांडीवर ठेवले. किस्सा रंगात आला.



वहिनीने आ वासून जांभई दिली, आणि नेहमीसारखं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.