न चुकता भेटणारी आई

बालगृहात ठेवलेला ओजस भेट संपताना पडद्यावरून हसतहसत टाटा करू लागला, तशी तेजलची शंका उसळून वर आली. “साहेब, हा माझा मुलगा नव्हेच! मला घरी कधी नेतेस, असं हा एकदाही विचारत नाही.”

“तो प्रश्न आम्हीच काढून टाकला, ताई,” बालकल्याण समितीचे साहेब म्हणाले. “आईबाप रडायचे, तक्रारी करायचे. आता भेटीला यंत्राने बनवलेलं मूल असतं. ते कुणाला रडवत नाही.”

“आणि माझा खरा ओजस? त्याला कोण भेटतं?”

“तुम्हीच की! दर रविवारी, न चुकता.”

साहेबांनी कौतुकाने बालगृहातली भेट लावून दाखवली. तिथल्या पडद्याला नाक टेकवून ओजस विचारत होता, “आई, घरी कधी नेतेस?”

पडद्यातली तेजल गोड हसली. “हेच तुझं घर ना, राजा!”